विहीणबाई, पंचांग आणि पॅसिफिकचा हिवाळा

धारवाडहून विहीणबाईंचा फोन आला की पहिली दोन मिनिटं कन्नड चालतं, मग मराठी, आणि काही महत्त्वाचं बोलायचं असलं की दोन्ही भाषा एकदम. त्यांचं मराठी कन्नडच्या चालीवर चालतं आणि माझं कन्नड टिळकवाडीच्या भाजीवाल्यांकडून शिकलेलं. बारा वर्षांत आमचं कधी अडलं नाही. गेल्या महिन्यात मात्र त्या एकाच भाषेत आणि एकाच वाक्यात बोलल्या, "नान यल्लिगू बरूदिल्लरी." मी कुठंही येणार नाही.

विषय होता येत्या डिसेंबरचा. आमचा मुलगा आणि त्यांची मुलगी, म्हणजे माझी सून, अमेरिकेत ऑरेगन राज्यात पोर्टलंडजवळच्या हिल्सबरो गावी राहतात. नाताळच्या सुट्टीत दोन्हीकडच्या मंडळींनी तिकडं यावं आणि सगळ्यांनी मिळून पॅसिफिक महासागराच्या काठी, कॅनन बीच नावाच्या लहानशा गावात तीन रात्री राहावं, असा मुलांचा बेत. तुम्ही म्हणाल, एवढ्या थंडीत समुद्रावर कोण जातं? आम्हीही तेच म्हटलं. पण मुलाची रजा आणि नातवाच्या शाळेची सुट्टी जुळते ती तेव्हाच. त्यांनी इकडं यायचं म्हटलं तर व्हिसाच्या शिक्क्यासाठी अडकून पडण्याची धास्ती. चार वर्षं झाली, बेळगावचं घर त्यांनी बघितलेलं नाही. तेव्हा जायचं तर आपणच, आणि जायचं तर हिवाळ्यातच.

विहीणबाईंच्या नकाराचं कारण थंडी नव्हतं. २०१९ च्या नोव्हेंबरात नातू झाला तेव्हा बाळंतपणासाठी त्या आणि आमचे व्याही दोघंही हिल्सबरोला होते. व्याह्यांच्या मनात समुद्र बघायचा होता. दीड तासावर पॅसिफिक आहे असं कळल्यावर त्यांनी मुलीला दोन-तीनदा विचारलंही होतं. पण बाहेर रोज पाऊस आणि घरात ओली बाळंतीण. "पुढच्या खेपेला जाऊ," असं ठरलं. मग २०२० उजाडलं, विमानं बंद झाली, नंतर त्यांचं दुखणं निघालं आणि २०२५ मध्ये ते गेले. पुढची खेप आली ती त्यांच्याशिवाय. विहीणबाई म्हणाल्या, "अवरे इल्ल, ना एन नोडली?" तेच नाहीत, मी काय बघू?

यावर मी काय बोलणार? इकडचं तिकडचं बोलून फोन ठेवला. पण मी अठ्ठावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेली बाई. म्हटलं, जाणं न जाणं पुढचं पुढं, बेत तरी नीट आखून ठेवू. बेत आखलेला असला की माणसाला 'हो' म्हणायला जागा राहते.

दीड हजार वस्तीचं गाव

कॅनन बीच मी एकदा पाहिलेलं आहे. २०२३ च्या जूनमध्ये आम्ही दोघं मुलाकडं गेलो होतो तेव्हा एक दिवस जाऊन आलो. पोर्टलंडहून हायवे २६ ने सुमारे ८० मैल, म्हणजे १३० किलोमीटर. वाटेत कोस्ट रेंज नावाची डोंगररांग लागते. दोन्ही बाजूंना उंच सूचिपर्णी झाडं, मधून वळणांचा रस्ता. चोर्ल्याच्या घाटातून गोव्याला उतरताना हवा बदलत जाते, तशीच इथंही बदलते. मग एकदम समुद्र.

गावाची कायमची वस्ती दीड हजारांच्या आसपास. लाकडी, बुटकी घरं, एक मुख्य रस्ता, चित्रांची दालनं, बेकरी, पुस्तकाचं दुकान. उंच इमारती नाहीत. समुद्रात, अगदी काठाला लागून, २३५ फूट उंचीचा एक काळा खडक उभा आहे. नाव हेस्टॅक रॉक, आपल्या गवताच्या गंजीसारखा दिसतो म्हणून. उंचीचा अंदाज हवा असेल तर कुतुबमिनार डोळ्यांपुढं आणा, जवळजवळ तेवढाच. हा बेसॉल्ट, म्हणजे लाव्हाचा दगड. दीड कोटीहून अधिक वर्षांपूर्वी कितीतरी पूर्वेला जमीन फाटून निघालेला लाव्हा शेकडो मैल वाहत समुद्रापर्यंत आला आणि थिजला, असं भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात. आपलं दख्खनचं पठारही लाव्हाचंच, पण याच्याहून चौपट जुनं. त्या पठाराच्या दक्षिण कडेवर राहणाऱ्या बेळगावकरांना हा काळा पत्थर परका वाटायचं कारण नाही.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. ऑरेगनचा सबंध किनारा, सुमारे ३६३ मैल, सगळ्यांना मोकळा आहे. १९१३ साली ऑस्वल्ड वेस्ट नावाच्या गव्हर्नरांच्या काळात ओली वाळू हा सार्वजनिक रस्ता आहे असा कायदा झाला. मग १९६६ मध्ये याच कॅनन बीचमधल्या एका हॉटेलनं आपल्यासमोरची कोरडी वाळू कुंपण घालून स्वतःच्या गिऱ्हाइकांपुरती ठेवली. लोक भडकले. १९६७ मध्ये टॉम मॅकॉल गव्हर्नर असताना कायदा होऊन कोरड्या वाळूवरचाही लोकांचा हक्क पक्का झाला. त्यामुळे खोली स्वस्तातली घेतली काय आणि महागातली घेतली काय, समुद्र सगळ्यांना सारखाच.

राहायला आणखी गावंही आहेत. उत्तरेला सीसाइड आहे, पण ते गजबजलेलं. दक्षिणेला मॅनझानिटा आहे, ते कॅनन बीचहूनही लहान आणि शांत. सुनेचं मन मॅनझानिटावर होतं. पण आमची वयं सत्तरीच्या आगेमागे, आणि रुग्णालय सीसाइडला. कॅनन बीचहून ते पंधरा-वीस मिनिटांत गाठता येतं. हा मुद्दा मी मांडला आणि तिथं वाद मिटला.

तिकडचा हिवाळा म्हणजे आपला आषाढ

आपल्याकडं हिवाळा म्हटला की कोरडी हवा आणि स्वच्छ ऊन. तिथं नेमकं उलट. उन्हाळा कोरडा आणि पावसाळा हिवाळ्यात. थंडीच्या दिवसांत उत्तर पॅसिफिकवर कमी दाबाचा मोठा पट्टा बसतो आणि एकामागून एक वादळं किनाऱ्यावर येऊन आदळतात. ढग कोस्ट रेंजला अडतात आणि कोसळतात. आपल्या सह्याद्रीचाच न्याय. आंबोलीचा जुलै महिना आठवा आणि त्यावर दोन स्वेटर चढवा, म्हणजे कॅनन बीचचा डिसेंबर. दुपारी १० अंश सेल्सिअसच्या आसपास, रात्री तीन-चार. किनाऱ्यावर बर्फ क्वचितच पडतं. पण वाटेतल्या डोंगरावर बर्फ किंवा रस्त्यावर निसरडा पापुद्रा असू शकतो. म्हणून निघायच्या दिवशी रस्ते खात्याची सूचना बघायची आणि रस्ता वाईट असेल तर एक दिवस घरीच थांबायचं, असं मुलाकडून कबूल करून घेतलं आहे. 'बुकिंगचे पैसे जातील' हे वाक्य त्या दिवशी कुणी उच्चारायचं नाही.

दिवस लहान. डिसेंबरअखेर सूर्य उगवतो आठच्या सुमाराला आणि साडेचारच्या पुढं मावळतो. म्हणजे हातात नऊ तासही उजेड नाही. आमच्या ह्यांनी पहिल्या उत्साहात वही काढून कार्यक्रम लिहिला होता. सकाळी अमुक टेकडी, दुपारी टिलामूकचा चीजचा कारखाना, संध्याकाळी दीपगृह. मी लाल पेन घेऊन तपासलं. एका दिवसाला एकच गोष्ट, तीही पाऊस थांबेल तेव्हा. बाकीचा वेळ खिडकीत बसून समुद्र बघायचा. म्हणूनच खोली घेताना समुद्राकडची खिडकी हवी. बाकी सोयी एक वेळ कमी असल्या तरी चालतील. वादळात तिकडं वीजही जाते, तेव्हा टॉर्च बरोबर ठेवायचा. हे ऐकून हे म्हणाले, "म्हणजे अगदी घरच्यासारखं की!"

पौर्णिमा कधी, अक्का?

मुलांनी आधी २४ ते २७ डिसेंबर अशा तारखा धरल्या होत्या. नाताळचा माहोल, दुकानांवर दिवे, हे त्यांच्या डोक्यात. मी मात्र चंद्राचा विचार करत होते. मालवणच्या कोळ्याला विचारा, अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीला भांग, हे तो झोपेतही सांगेल. चंद्र सगळ्या जगाला एकच, तेव्हा पॅसिफिकलाही तोच नियम. फरक एवढाच की तिकडच्या दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. त्यामुळे तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा कोकणातला हिशेब तिथं चालत नाही. छापील तक्ताच बघावा लागतो. शिवाय वर्षातली सर्वांत मोठी उधाणं तिथं हिवाळ्यातच येतात. 'किंग टाइड', राजभरती म्हणतात त्यांना. अशा वेळी पाणी पार कड्याच्या पायथ्यापर्यंत येतं आणि चालायला वाळूच उरत नाही.

मी धारवाडला फोन लावला. समुद्राचं नाव काढलं नाही. म्हटलं, "अक्का, तुमच्या पंचांगात मार्गशीर्ष पौर्णिमा कधी आहे बघा की." विहीणबाई रोज अंघोळीनंतर पंचांग वाचणाऱ्या. पानं उलटल्याचा आवाज आला. २०२६ च्या डिसेंबरात दत्तजयंतीची पौर्णिमा ऐन नाताळाच्या तोंडावर येते. "यातके?" म्हणाल्या, कशासाठी? मी सांगितलं, उधाणासाठी. मग मात्र त्यांनी आपणहून विचारलं, "मग अष्टमीला जावं लागेल नव्हे?"

माझ्या इतक्या वर्षांच्या विद्यार्थ्यांत असं चटकन उत्तर काढणारे थोडेच भेटले. त्यांच्या पंचांगानं आमच्या तारखा बदलल्या. आता २८ ते ३१ डिसेंबर ठरलं आहे. पौर्णिमेचं उधाण ओसरलेलं, अष्टमी जवळ आलेली, भांगाची भरती. अर्थात वादळ आलं तर लाटा तिथी विचारत नाहीत, हेही आम्हा दोघींना ठाऊक आहे.

खर्चाचं एक सांगते. हिवाळा म्हणजे तिकडं कमी गर्दीचे दिवस, मधल्या वारी खोल्या बऱ्यापैकी स्वस्त मिळतात. पण नाताळ ते नववर्ष हा आठवडा त्याला अपवाद. ज्यांना शाळेच्या सुट्टीचं बंधन नाही त्यांनी जानेवारीतला सोमवार ते गुरुवार बघावा. गाव तेव्हा खरोखर रिकामं असतं.

काय दिसेल, काय दिसणार नाही

नातवाला नारिंगी चोचीचे पफिन पक्षी बघायचे आहेत. हेस्टॅक रॉकवर त्यांची वसाहत असते, पण वसंत ते उन्हाळा एवढीच. पिलं वाढली की ते खोल समुद्रात निघून जातात. डिसेंबरात एकही दिसणार नाही, हे त्याला आत्ताच सांगायला लावलं आहे. तिथं पोचून हिरमोड होण्यापेक्षा बरं. खडकाच्या पायथ्याशी ओहोटीच्या डबक्यांत तारामासे, समुद्रफुलं दिसतात, तीही उन्हाळ्याच्या सकाळी जास्त. हिवाळ्यात सर्वांत खालची ओहोटी संध्याकाळी अंधार पडल्यावर येते.

पण हिवाळ्याचं स्वतःचं असंही काही आहे. लाटा जोरदार असल्यामुळं वाळू आत ओढली जाते, किनारा अरुंद होतो आणि एरवी गाडलेले खडक उघडे पडतात. गावाचं नावच अशा एका घटनेतून आलं. १८४६ साली अमेरिकी नौदलाचं 'शार्क' नावाचं जहाज कोलंबिया नदीच्या मुखाशी फुटलं आणि त्याच्या डेकचा तुकडा तोफेसकट वाहत दक्षिणेला लागला. कॅनन म्हणजे तोफ, म्हणून कॅनन बीच. २००८ च्या फेब्रुवारीत, हिवाळी वादळांनी वाळू धुऊन नेल्यावर, जवळच्या आर्च केपला आणखी दोन तोफा सापडल्या.

आणि देवमासे. करडे देवमासे अलास्काच्या उत्तरेकडच्या थंड समुद्रातून मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियातल्या उबदार खाड्यांकडं निघतात. तिथं त्यांची पिलं होतात. जाऊन-येऊन दहा हजार मैलांहून अधिक प्रवास. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत ते ऑरेगनच्या किनाऱ्यावरून दक्षिणेला जातात. नाताळ ते नववर्षाच्या आठवड्यात किनाऱ्यावरच्या ठरावीक उंच जागी स्वयंसेवक दुर्बिणी घेऊन उभे राहतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला देवमासा दाखवतात. १९७८ पासूनची ही पद्धत. पण दिसेलच असं कुणी सांगू नये. २०१६ मध्ये त्यांची संख्या सुमारे २७ हजार होती, २०२५ च्या अंदाजात ती १३ हजारांच्या आसपास उतरली. उत्तरेच्या समुद्रात त्यांचं खाणं कमी झालं, हे त्यामागचं मोठं कारण मानलं जातं. दिसतो तोही दुरून. आधी पाण्याचा फवारा, मग क्षणभर पाठ. डोळे उघडे ठेवून बसायचं, एवढंच आपल्या हाती.

समुद्राकडं पाठ करायची नाही

आता जरा कडक आवाजात बोलते, कारण या भागात हयगय चालत नाही. तिकडं 'स्नीकर वेव्ह' म्हणतात, म्हणजे चोरपावलांनी येणारी लाट. दहा-पंधरा मिनिटं लाटा एका रेषेपर्यंत येऊन परततात. माणूस निर्धास्त होतो. आणि मग एक लाट त्या रेषेच्या कितीतरी आत धावत येते. पाणी सुमारे १० अंशांचं. पडलेल्या माणसाला दम धरवत नाही, आणि कपड्यांत वाळू भरून उठताही येत नाही. दुसरा धोका ओंडक्यांचा. वादळात मोठाली झाडं वाहून किनाऱ्याला लागतात. बसायला छान दिसतात, पण वीतभर पाण्यातही तो ओंडका उचलला जाऊन गडगडतो आणि त्याखाली माणसं सापडली आहेत. म्हणून आमच्या घरचा नियम ठरला आहे: समुद्राकडं पाठ करायची नाही, ओल्या वाळूतल्या ओंडक्यावर बसायचं नाही, नातवाचा हात एकानं धरायचा आणि त्या वेळी त्यानं मोबाइल खिशात ठेवायचा. गोव्यात पावसाळ्यात लाल बावटा असताना पाण्यात उतरणारे आपलेच लोक मी पाहिले आहेत, म्हणून हे सांगते.

त्सुनामीचंही सांगायला हवं. या किनाऱ्याजवळ समुद्राच्या तळाशी दोन भूपट्ट एकमेकांखाली सरकतात. २६ जानेवारी १७०० च्या रात्री तिथं सुमारे ९ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याची लाट पार जपानला पोचली आणि तिथल्या नोंदींमुळंच पुढं शास्त्रज्ञांना ही तारीख जुळवता आली. १९६४ मध्ये अलास्काच्या भूकंपाच्या लाटेनं कॅनन बीचचा पूल मोडला. गावात निळ्या पाट्या आहेत. कुठल्या रस्त्यानं उंचावर जायचं ते त्यांवर दाखवलेलं असतं. भोंगे आहेत, आणि त्यांच्या चाचणीच्या वेळी लोक घाबरू नयेत म्हणून गाईचं हंबरणं वाजवण्याची गमतीदार पद्धतही तिथं होती. नियम सोपा आहे. जमीन जोरात हलली की भोंग्याची वाट बघायची नाही, सामान गोळा करायचं नाही, पायी उंचावर निघायचं. पोचल्या दिवशी उजेडात ती वाट सगळ्यांनी एकदा चालून बघायची.

हे विहीणबाईंपासून लपवावं का, असा प्रश्न सुनेला पडला होता. "आई आणखीच घाबरेल," ती म्हणाली. मी म्हटलं, ज्या बाईनं दोन वर्षं दवाखान्याच्या बाकड्यांवर काढली तिला आपण काय घाबरवणार? मी फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "रात्री चप्पल कुठं ठेवायची मग? पलंगाजवळच नव्हे?" मी म्हटलं, "पलंगाजवळच. आणि चप्पल नको अक्का, बूट."

खोल्या, भाकरी आणि इरकली

त्यांच्या मनात दुसरंही एक होतं, ते हळूहळू बाहेर आलं. मुलगी-जावई एका खोलीत, आम्ही दोघं एका खोलीत, मग मी कुठं? जोडीनं फिरणाऱ्या माणसांत आपण वेगळ्या उरतो, हे एकट्या राहिलेल्या बाईला कुणी सांगावं लागत नाही. मी ह्यांना विचारलंही नाही, परस्पर वाटणी करून टाकली. विहीणबाई आणि मी एका खोलीत, हे आणि नातू दुसऱ्या खोलीत. ह्यांच्या घोरण्याची तक्रार आता नातवानं करावी.

घर घेतलं आहे ते स्वयंपाकघर असलेलं. विहीणबाई बाहेरचं खात नाहीत, आणि पावसात दोन वेळा हॉटेल शोधत हिंडणं आम्हालाही जमणार नाही. हिल्सबरोत भारतीय किराणा मिळतो, त्यामुळं ज्वारीचं पीठ इथून ओढून न्यायची गरज नाही. शेंगाचटणी घरची. ताजी फळं, भाज्या, बियाणं बॅगेत घालायचं नाही आणि विमानतळावर विचारतील ते खरं सांगायचं. दुधाच्या पदार्थांचे नियम किचकट आहेत, म्हणून कुंदा आपण इथंच खाऊन जायचं. मुलगा हळहळला, पण नाइलाज आहे. औषधं मात्र लागतील त्याहून पंधरा दिवसांची जास्त, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, आणि हातातल्या बॅगेत. प्रवासाचा आरोग्य विमा घेताना जुन्या दुखण्याला तो लागू आहे की नाही, हे बारीक अक्षरात वाचून घ्यायचं.

कपड्यांवरून दोन दिवस चर्चा चालली. त्या वाऱ्यात छत्री उलटी होते, तेव्हा टोपीचा रेनकोट आणि पाणी न शिरणारे बूट हवेतच. विहीणबाईंनी जन्मात इरकली साडीशिवाय काही नेसलेलं नाही. ओल्या वाळूत साडीचा काठ भिजून जड होतो, पायात येतो. सुनेनं सुचवलं, आत थर्मल, वर सलवार-कमीज, त्यावर रेनकोट. तिकडं शांतता. मग मी म्हटलं, "वाळूवर जाताना तेवढं घाला, खिडकीत बसताना इरकली नेसा." त्या 'हो' म्हणाल्या नाहीत, पण 'बेड' असंही म्हणाल्या नाहीत.

सकाजवीयाची गोष्ट

शेवटी एक गोष्ट त्यांना सांगितली, ती तुम्हालाही सांगते. १८०५-०६ च्या हिवाळ्यात लुइस आणि क्लार्क यांची शोधमोहीम याच भागात मुक्काम करून होती. त्यांच्याबरोबर सकाजवीया नावाची शोशोनी जमातीची तरुण बाई होती, कडेवर वर्षाच्या आतलं मूल. एक देवमासा किनाऱ्याला लागल्याची बातमी आली आणि क्लार्क काही माणसं घेऊन निघाला. तिला नेणार नव्हते. तिनं हट्ट धरला. एवढा लांबचा प्रवास करून मी महासमुद्रापर्यंत आले, आणि आता तो समुद्रही बघायचा नाही आणि तो मोठा मासाही नाही, हा अन्याय आहे, असं तिचं म्हणणं क्लार्कनं नोंदवून ठेवलं आहे. मग तिला घेऊन गेले. जानेवारीच्या थंडीत, मुलाला घेऊन, टिलामूक हेडचा अवघड डोंगर ओलांडून ती आजच्या कॅनन बीचजवळ पोचली. तोवर तिथल्या लोकांनी मांस आणि चरबी काढून नेली होती. उरला होता तो सांगाडा. गावाशेजारच्या ओढ्याला आणि उद्यानाला इकोला म्हणतात, ते देवमाशाच्या तिथल्या शब्दावरून.

विहीणबाईंनी विचारलं, "सांगाडा बघून रडली काय ती?" मी म्हटलं, तसं कुणी लिहून ठेवलेलं नाही. समुद्र मात्र तिनं बघितला.

त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. चार दिवसांनी सकाळी फोन आला. कन्नड नाही, मराठी नाही, सरळ कामाची गोष्ट. बेळगावात रेनकोट कुठल्या दुकानात चांगला मिळतो, आणि बायकांच्या मापाचा मिळतो काय? मी म्हटलं, तुम्ही बसनं या, आपण दोघी मिळून खडेबाजारात जाऊ. "बरतीनरी," म्हणाल्या. येते. बेळगावला की अमेरिकेला, हे मी विचारलं नाही. थोड्या वेळानं त्यांनीच पुढं सांगितलं, "त्यांचा चष्मा घेऊन येऊ काय बरोबर? वजन काय होत नाही."

चष्म्याला कसलं वजन! बूट तेवढे आधी घ्यायचे आहेत, म्हणजे डिसेंबरापर्यंत पायाला सवय होईल. या रविवारी त्या येताहेत.